उरतात किती, हे आधी विचारा

अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची एक बातमी फेब्रुवारी २०२५ मध्ये बरीच फिरली. मुलीच्या मामाने मुलाचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून काढलेला स्कोअर, बघायला मागितला, त्यात कर्जांची रांग दिसली आणि ठरत आलेलं लग्न मोडलं. पुढे मे महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांना पुन्हा तंबी दिली. एका ठिकाणी तो आकडा म्हणजे चारित्र्याचा दाखला झाला, दुसऱ्या ठिकाणी गरिबाचा वैरी. वाद मात्र दोन्हीकडे ३०० ते ९०० मधल्या त्या आकड्याभोवतीच फिरत राहिला.

इंग्लंडमध्ये राहून हे वाचताना माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. स्कोअर इथेही आहे आणि तो काही दयाळू नाही. पण हप्ते थकलेल्या माणसाला इथे मदत करणारा पहिल्यांदा स्कोअर विचारत नाही. घरखर्च जाऊन महिन्याला हातात उरतात किती, हे विचारतो. त्या उत्तराचा कागद बनतो आणि त्या कागदाला कर्ज देणाऱ्यांकडे किंमत असते. आपल्याकडे हा प्रश्न विचारणारंच कुणी नाही, आणि मला ती उणीव आकड्यापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

इथला कडकपणा आधी सांगतो, म्हणजे परदेशाचं कौतुक चाललंय असं वाटायला नको. इथे एकच एक स्कोअर नसतो. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन अशा तीन संस्था, तिघींची मोजपट्टी वेगळी, आणि बँक त्यांचा आकडा न बघता नोंदी बघून स्वतःचं गणित करते. एकदा डिफॉल्टची, म्हणजे हप्ते थकल्याची, नोंद पडली की सहा वर्षं हलत नाही, मधे पैसे फेडले तरी. भारतातला सिबिल इथे आपोआप येत नाही, त्यामुळे पुण्यात वीस वर्षं एकही हप्ता न चुकवलेला माणूस इथे उतरतो तेव्हा कोरी पाटी असतो. त्यावरचा एक फुकटचा उपाय अनेक मराठी घरांना ठाऊक नसतो: भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले म्हणून इथल्या मतदारयादीत नाव घालू शकतात. पत्त्याची खात्री त्या यादीवरून होते आणि इथली क्रेडिट फाइल उभी राहायला तिथूनच सुरुवात होते.

आता तो कागद. स्टेपचेंज, सिटिझन्स अॅडव्हाइस, नॅशनल डेटलाइन या संस्था कर्जाचा सल्ला फुकट देतात. सल्लागार तुमच्याबरोबर बसून किंवा फोनवर उत्पन्न-खर्चाचा एक ठरलेला तक्ता भरून घेतो. भाडं, वीज-गॅस, किराणा, प्रवास, मुलांचे कपडे, चष्मा, दात, वाढदिवस, सगळ्याला त्यात ओळ आहे. किराण्याची रक्कम ठरावीक मर्यादेत असेल तर कर्ज देणारा तिच्यावर हुज्जत घालत नाही. उरलेल्या पैशातून थोडी बचत बाजूला ठेवायचीही मुभा त्यात आहे, कारण वॉशिंग मशीन बिघडलं की माणूस पुन्हा कार्डच काढतो, हे तक्ता बनवणाऱ्यांना माहीत आहे. मग जे उरतं ते देण्याच्या प्रमाणात वाटायचं. महिन्याला १२० पौंड उरत असतील आणि तिघांचे ३,०००, २,००० आणि १,००० पौंड देणे असतील, तर ६०, ४० आणि २०. जो जास्त फोन करतो त्याला जास्त, असं नाही.

त्याआधी कर्जांची वर्गवारी होते आणि इथे नवख्यांची हमखास चूक होते. लोक घाबरून आधी क्रेडिट कार्ड भरतात, कारण कार्डवाला स्कोअर बिघडवेल ही भीती. पण भाडं, वीज-गॅस आणि कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) ही आधी भरायची देणी. कौन्सिल टॅक्सचा हप्ता चुकला की सात दिवसांची आठवण येते, तेवढ्यात भरला नाही तर वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम मागितली जाते, मग न्यायालयाचा आदेश, मग दारात वसुलीवाले. क्रेडिट फाइलवर हा टॅक्स साधारणपणे दिसतही नाही. स्कोअरकडे बघून कुणाचे पैसे आधी द्यायचे हे ठरवलं तर घर धोक्यात येतं ते असं.

यापुढे कायद्याची साथ आहे. मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सल्लागारामार्फत अर्ज केला की ६० दिवस बहुतेक कर्जांवरचं व्याज, दंड आणि वसुली थांबते. चालू भाडं, चालू बिलं तेवढी भरत राहायची. ज्याच्याकडे खरंच काही नाही, म्हणजे देणं ५०,००० पौंडांच्या आत, महिन्याला उरणारे ७५ पौंडांच्या आत आणि मालमत्ताही नाममात्र, त्याच्यासाठी कर्जमुक्तीचा आदेश आहे. बारा महिने थांबायचं, परिस्थिती तीच राहिली तर त्या आदेशातली देणी संपतात. त्याची ९० पौंडांची फी एप्रिल २०२४ मध्ये रद्द झाली. फाइलवर डाग सहा वर्षं राहतो, पण माणूस सुटतो.

आपल्याकडेही हे कागदावर आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत साध्या माणसासाठी नव्याने सुरुवात करण्याचं एक प्रकरण आहे. वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत, स्वतःचं घर नाही, अशांचं कर्ज माफ व्हावं अशी ती तरतूद. ती अजून लागूच झालेली नाही. व्यक्तींसाठीच्या भागातलं जे २०१९ मध्ये लागू झालं, ते कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरतं. दर निवडणुकीत सरसकट कर्जमाफीवर घसा कोरडा होतो, २०१७ मध्ये एक झाली, २०१९ मध्ये दुसरी झाली. पण शेतमजुराला, रिक्षावाल्याला, मायक्रोफायनान्सच्या गटातल्या बाईला लागू पडेल असं हे प्रकरण का अडकलंय, असं विचारणारा मोर्चा निघाला नाही. त्या मर्यादा आज तुटपुंज्या आहेत हे खरं, पण आकडे वाढवता येतात.

तोवर काय करायचं? तोच कागद घरी करायचा. पुण्यातलं एक घर उदाहरणादाखल घेऊ. हातात पगार ६२,०००. भाडं १६,०००, किराणा-दूध-भाजी ९,०००, वीज-गॅस-मोबाइल ३,२००, शाळा ५,५००, पेट्रोल ३,५००, आई-वडिलांची औषधं ४,०००. इथपर्यंत सगळेच लिहितात. राहतं ते वर्षाचं: विम्याचा हप्ता १८,०००, दिवाळी १२,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ६,०००. मिळून ३६,०००, म्हणजे महिन्याला ३,०००. बहुतेक बजेट या ओळीवर मोडतात, कारण हे पैसे ज्या महिन्यात लागतात त्या महिन्यात कार्डावर जातात. एकूण खर्च ४४,२००, उरले १७,८००.

देणी अशी: पर्सनल लोनचा हप्ता ९,४००, एका कार्डावर १ लाख थकीत आणि किमान भरणा ५,०००, दुसऱ्यावर ६० हजार आणि किमान ३,०००, मोबाइलचा हप्ता २,६००. बेरीज २०,०००. दरमहा २,२०० कमी पडतात आणि तेवढे पुन्हा कार्डावर चढतात.

कार्डाचं आतलं गणित जवळून बघा. १ लाखावर महिना साडेतीन टक्के म्हणजे ३,५०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०. भरलेल्या ५,००० मधले ४,१३० तिथेच गेले, मुद्दल ८७० रुपयांनी कमी झालं. शिवाय बाकी ओढत नेली की बिनव्याजी मुदत जाते. आज घेतलेल्या पाचशेच्या औषधावरही आजपासून व्याज. म्हणून पहिलं काम कार्ड घरी ठेवणं, आणि ऑनलाइन दुकानांत, जेवण मागवण्याच्या अॅपमध्ये साठवलेला त्याचा नंबर पुसणं. दुसरं, हप्ता थकायच्या आत बँकेला फोन करून ती बाकी हप्त्यांत बदलून मागणं. थकल्यानंतर हा पर्याय बऱ्याचदा मिळत नाही. समजा १८ टक्के दराने ३६ महिने मिळाले, तर १ लाखाचा हप्ता ३,६१५ आणि ६० हजारांचा २,१६९. पहिल्या महिन्यात व्याजावरचा जीएसटी धरून ३,८८५ आणि २,३३१. आता सगळी देणी मिळून १८,२१६. तूट २,२०० वरून ४१६ वर आली. चारशेची ओढ घरखर्चातून निघते, बावीसशेची निघत नाही. मोबाइलचे हप्ते संपले की ते २,६०० जास्त व्याजाच्या कर्जाकडे वळवायचे, दुसऱ्या मोबाइलकडे नाही.

एवढं करूनही तूट मोठीच राहिली, तर बँकेला हाच कागद पाठवा आणि इतकेच देऊ शकतो म्हणून लिहा. भारतातली बँक तो मान्य करायला बांधील नाही, पण पुढे तक्रार करायची वेळ आली तर तुम्ही पळत नव्हता याचा तो लेखी पुरावा असतो. वसुली एजंटाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही, आणि नातेवाईकांना फोन करून बदनामी करायची तर कधीच नाही. वेळ आणि नंबर लिहून ठेवा.

सेटलमेंटबद्दल, म्हणजे थोडी रक्कम घेऊन बँकेने बाकीची सोडण्याबद्दल, आपल्याकडे दोन टोकं दिसतात. कोणी म्हणतं आयुष्य संपलं, कोणी म्हणतं हप्ते बंद करा आणि आमची फी भरा, निम्म्यात सोडवू. दुसरे जास्त धोक्याचे, कारण बंद केलेला प्रत्येक हप्ता नोंदीत बसतो आणि ९० दिवसांनी खातं एनपीए (बँकेच्या लेखी अनुत्पादक) होतं. पण घरात खरंच पैसा नसेल तर सेटलमेंट हा गुन्हा नाही. पत्र लेखी घ्या, त्यात रक्कम आणि तारीख असू द्या, आणि खात्यापुढे ‘सेटल्ड’ लागेल हे आधीच मान्य करा. पुढे जमलं तर सोडलेली रक्कम भरून, नो ड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचं पत्र, घेऊन, ते ‘क्लोज्ड’ करून मागता येतं.

खरी असलेली वाईट नोंद पैसे घेऊन कुणी पुसू शकत नाही. चुकीची नोंद फुकट दुरुस्त होते. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार संस्थांकडून वर्षातून एकेकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. आकडा सोडून थेट खात्यांवर जा. प्रत्येक खात्याखाली ३६ महिन्यांची चौकट असते, त्यात किती दिवस उशीर ते लिहिलेलं असतं. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का, तुमच्या पॅनवर भलत्याचं खातं आहे का, आणि आपल्याकडची खास गोष्ट, भावकीत किंवा मित्राला जामीन राहिलेलं कर्ज थकलंय का. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम २०२४ पासून आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. सावकाराचं, भिशीचं, उसनवारीचं देणं या अहवालात सापडत नाही. ते वहीत स्वतःच लिहावं लागतं.

पीककर्जाच्या वादात मी शेतकऱ्याच्या बाजूने आहे, पण फक्त सिबिल न विचारण्याने काम होणार नाही. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर एनपीए होतं. इतकी हंगामाची समज नियमात आहे. नवं कर्ज अडतं ते जुनं खातं थकल्यामुळे, मग सिबिल विचारा नाहीतर विचारू नका. आपत्ती जाहीर झाली आणि पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं, तर पीककर्जाचं मुदत कर्जात रूपांतर करता येतं. ताकीद द्यायची तर ते रूपांतर शेतकऱ्याने न मागता व्हावं यासाठी द्यावी.

शेवटी, इथे शिकायला आलेल्यांसाठी. शैक्षणिक कर्जात वडील किंवा आई सहकर्जदार असतात. हप्ता इथे चुकतो, नोंद साताऱ्यात वडिलांच्या सिबिलवर पडते, आणि त्यांना पीककर्ज किंवा बहिणीच्या शिक्षणाचं कर्ज हवं असतं त्या वर्षी ती समोर येते. शिक्षण संपल्यावर वर्षभराची सूट असते, पण व्याज चालूच असतं. जमेल तितकं त्या काळात भरा. हप्ता थकतो तो बहुधा पैसे नसल्याने नाही. ५ तारखेला कापला जाणारा हप्ता, इथून ३ तारखेला पाठवलेले पौंड, मधे शनिवार-रविवार, आणि खातं रिकामं. कापण्याच्या खात्यात तीन हप्ते कायम पडून ठेवा, पगार झाला की त्याच दिवशी पैसे पाठवा. आणि त्या खात्याला जोडलेला भारतातला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका, कारण हप्ता परत गेल्याचा मेसेज त्याच नंबरवर येतो.