लाल टिकली

नागपुरात चित्रप्रदर्शन भरले आहे, ही बातमी मला साधारणपणे ते आटोपण्याच्या दिवशी कळते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, नळ न येण्याच्या सूचनेला लागून ‘आज समारोप’ असे छापलेले असते, आणि मग ऐन मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, डोक्याला दुपट्टा गुंडाळून मला सिव्हिल लाइन्स गाठावे लागते. उद्घाटनाला जाणे मी केव्हाच सोडले, कारण तेथे प्रमुख पाहुणे ‘मला चित्रकलेतले काही कळत नाही’ असे म्हणून पाऊण तास ते सिद्ध करतात.

“या न काका, कूलर सुरू हाय,” दारावरचा चौकीदार म्हणाला. त्याने कलेचे नावही काढले नाही, याचे मला जरा वाईट वाटले.

आत मी एकटा रसिक, आणि कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर खुद्द चित्रकार. अशा वेळी चित्र पाहणे सोपे असते. आपण चित्र पाहताना चित्रकार आपल्याला पाहतो, ते सोसणे कठीण. चटकन पुढे सरकलो तर त्याचा अपमान होतो आणि रेंगाळलो तर तो समजावून सांगायला उठतो. म्हणून मी मनात वीस आकडे मोजतो, मान किंचित तिरपी करतो, ‘हं’ म्हणतो आणि सरकतो. मोठ्या कॅनव्हाससाठी तीस आकडे.

‘मला कळले नाही’ असे सरळ सांगण्याची सोय या शहरात राहिलेली नाही. वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये येथेच जन्मले, आणि ज्यात माणूस, झाड, घर काहीही नाही असे त्यांचे एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात तेवीस कोटींच्या वर गेले. सय्यद हैदर रझा मुंबईला जाण्यापूर्वी येथेच चित्रकला शिकले. ‘हे तर आमचा बंड्याही काढेल’ असे त्यांच्याविषयीही कोणीतरी म्हणालेच असेल. त्या घराण्यात आपले नाव लागू नये, एवढीच माझी धडपड असते.

सातव्या चित्रापाशी मात्र मला हात धरायला काहीतरी सापडले. मातकट रंगाचे जाड थर, सुरीने खरवडलेले. एका ओरखड्यातून खालचा निळा रंग दोऱ्याएवढा डोकावत होता, जवळ गेल्यावर जवसाच्या तेलाचा वास येत होता, आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, नखाएवढा लालभडक ठिपका! लहानपणी गुरुजींनी रझांना भिंतीवरच्या ठिपक्याकडे टक लावून बसवले होते, ती हकीकत मी वाचली होती. चाळीस आकडे मोजून मी चित्रकाराला आपण होऊन हाक मारली.

“हा सगळा पसारा या एका बिंदूने तोलून धरला आहे. हा नसता, तर चित्र ढासळले असते.”

तो जवळ आला, वाकला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, “काका, ही चित्र विकल्याची टिकली आहे. खालच्या कार्डावर लावली होती. इथं कशी आली, देव जाणे.”

अभिप्रायाच्या वहीत वरच्या तिघांनी ‘अप्रतिम’ लिहिले होते. मी चौथे लिहिले आणि दुपट्टा नाकापर्यंत ओढून बाहेर पडलो.

“काका,” चौकीदाराने गाठलेच, “कूलरच्या हवेनं ते टिकली उडून पडली होती, म्या उचलून लावली. बराबर लागली न?”