दुसऱ्या संघाचा हंगाम

ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि 2027 च्या आशिया चषकाचे दार बंद झाले, तेव्हापासून मायदेशी चाललेला वाद मी इथे फ्रायबुर्गमध्ये बसून नेमाने वाचतो आहे. त्यात तीन मुद्दे पुन्हा पुन्हा येतात. परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना संघात घ्यावे, इंडियन सुपर लीगमध्ये परदेशी आघाडीपटूंची गर्दी कमी करावी, आणि निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिशीत परत बोलावण्याची वेळ का आली याचा जाब कोणाला तरी विचारावा. यातला एकही मुद्दा गैर नाही. पण अठरा ते बावीस या वयात भारतीय फुटबॉलपटू वर्षभर नेमका कुठे खेळतो, हे या गदारोळात क्वचितच कोणी विचारते, आणि छेत्रीची जागा रिकामी का राहिली याचे कारण माझ्या मते त्याच चार वर्षांत शोधायला हवे.

जर्मनीत क्लबचा दुसरा संघ, म्हणजे तरुणांचा राखीव संघ, वेगळ्या राखीव स्पर्धेत खेळत नाही. इतर क्लबांच्या मुख्य संघांबरोबर तो सर्वसाधारण श्रेणींतच उतरतो. एससी फ्रायबुर्गचा दुसरा संघ 2021 मध्ये तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे ड्रिटे लिगामध्ये चढला. त्याच वर्षी क्लबचा मुख्य संघ नव्या स्टेडियममध्ये गेला आणि जुने ड्रायझाम स्टेडियम या मुलांच्या वाट्याला आले. हे मैदान प्रमाणापेक्षा साडेचार मीटरने आखूड आहे आणि एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत त्याला जवळजवळ एक मीटरचा उतार आहे. 2022-23 चा हंगाम मी तिथे बराचसा पाहिला. वीस संघ, प्रत्येकाचे 38 सामने, आणि समोर 1860 म्युनिक, डायनॅमो ड्रेस्डेन, रोट-वाइस एसेन असे जुने, मोठ्या पाठीराख्यांचे क्लब. पाहुण्यांचा गजर यजमानांपेक्षा मोठा असणे ही तिथे नेहमीची गोष्ट होती. पिछाडीवर असलेला पाहुणा संघ शेवटच्या दहा मिनिटांत उंच चेंडूंचा मारा करू लागला की विशीतल्या बचावपटूचा चेहरा उतरायचा, आणि त्याच वेळी संघातला एखादा थोराड खेळाडू त्याचा दंड धरून त्याला दोन पावले पुढे आणून उभे करायचा.

या थोराड खेळाडूंसाठी नियमातच जागा आहे. दुसऱ्या संघात 23 वर्षांवरील जास्तीत जास्त तीन खेळाडू एकाच वेळी मैदानात असू शकतात. फ्रायबुर्गने तिशीकडे झुकलेला डच आघाडीपटू फिन्सेंट फर्मेई याला त्यासाठीच घेतले होते, आणि विशीतला गोलरक्षक नोआ आतुबोलू त्याच संघात मागे उभा होता. पुढच्याच हंगामात आतुबोलू मुख्य संघाचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक झाला.

तो हंगाम संपला तेव्हा फ्रायबुर्गचा दुसरा संघ तक्त्यात दुसरा होता. दुसऱ्या संघांना वरच्या दोन श्रेणी बंद असल्यामुळे त्याला बढती मिळाली नाही. त्याच्या वाट्याची थेट बढती तिसऱ्या क्रमांकावरच्या ओस्नाब्र्यूकला मिळाली, आणि चौथ्या वेहेन वीसबाडेनला बढतीसाठी दुसऱ्या श्रेणीतल्या बीलेफेल्डशी दोन सामने खेळण्याची संधी मिळाली, जी त्यांनी साधली. ज्या संघाला वर जाताच येत नाही तो जीव तोडून खेळेल कशाला, हा मायदेशातला नेहमीचा आक्षेप आहे. त्याचे उत्तर त्याच हंगामाच्या शेवटच्या दिवशी मिळाले. ओस्नाब्र्यूकची गाठ डॉर्टमुंडच्या दुसऱ्या संघाशी होती. डॉर्टमुंडच्या मुलांना त्या सामन्यातून काही मिळवायचे नव्हते, तरीही नव्वद मिनिटे पूर्ण झाली तेव्हा ते 1-0 असे पुढे होते. भरपाईच्या वेळेत दोन गोल झाले आणि ओस्नाब्र्यूक वर गेले. एका शहराची बढती आपल्या पायांत अडकली आहे हे कळत असताना ती शेवटची मिनिटे खेळून काढणे, हे शिक्षण कोणत्याही सराव शिबिरात मिळत नाही.

मात्र या व्यवस्थेची किंमत कोणी मोजायची, यावर इथेही एकमत नाही. दुसऱ्या संघांबरोबर पाठीराखे येत नाहीत, त्यामुळे लहान क्लबांच्या तिकीटविक्रीला फटका बसतो. तिसऱ्या श्रेणीतल्या दूरचित्रवाणीच्या पैशांत दुसऱ्या संघांना वाटा नसतो, एवढीच काय ती भरपाई. श्रीमंत क्लबांनाही हा संघ कधीकधी ओझे वाटतो. 2014 मध्ये दुसरा संघ ठेवण्याची सक्ती उठली तेव्हा लेव्हरकुसेन आणि फ्रँकफुर्टने तो बंद केला; फ्रँकफुर्टला 2022 मध्ये पुन्हा खालच्या श्रेणीपासून उभा करावा लागला. फ्रायबुर्गचेही कौतुक फार काळ टिकले नाही. चांगले खेळाडू वर किंवा बाहेर गेले आणि 2023-24 मध्ये हाच संघ तळाशी राहून खालच्या श्रेणीत उतरला. प्रशिक्षक थोमास श्टाम ड्रेस्डेनला गेले आणि 2025 मध्ये त्यांनी त्या क्लबला बढती मिळवून दिली. म्हणजे गेलेल्यांचे बरेच झाले, संघ मात्र बुडाला. राखीव संघाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, असे मला वाटते.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये उभा केलेला आणि 2013 नंतर मोडून 2017 मध्ये पुन्हा उभारलेला इंडियन ॲरोज हा संघ 2022 पर्यंत चालला, आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्याच वाटेने सुपर लीगमध्ये पोहोचला. पण त्या संघात सगळीच मुले होती आणि त्यांना पदावनतीतून सूट होती. दंड धरून पुढे आणणारे कोणी नाही आणि खाली घसरण्याची भीतीही नाही, अशी ती विचित्र शाळा होती. 2022 मध्ये गोव्यात सुरू झालेल्या, तरुण खेळाडूंसाठीच्या डेव्हलपमेंट लीगमध्ये पहिल्या वर्षी प्रत्येक संघाला सात सामने मिळाले आणि पहिल्या दोन संघांना ब्रिटनची वारी. वारी चांगलीच, पण सात सामने म्हणजे हंगाम नव्हे.

परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंबद्दलच्या वादात मला, मी स्वतः बाहेर राहतो म्हणून, एक विसंगती विशेष जाणवते. रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले, त्याचे स्वागतच आहे. परंतु अशा खेळाडूची आपल्याला जी भुरळ पडते, ती त्याने परदेशी क्लबांत घेतलेल्या शिक्षणाची असते. ते शिक्षण घरी उभे करण्याबद्दल आपण बोलत नाही, कारण त्यात पासपोर्टसारखी ठळक बातमी नसते.

पण म्हणून जर्मनीची नक्कल करून सुपर लीगचे राखीव संघ देशाच्या दुसऱ्या श्रेणीत घालावेत, या सूचनेला माझा विरोध आहे. तिथे आधीच जागा आणि पैसा दोन्ही अपुरे आहेत, आणि डेम्पोसारख्या जुन्या क्लबाच्या मार्गात बढती न घेऊ शकणारा संघ उभा करणे अन्यायाचे होईल. 2025 मध्ये लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या करारावरून सुपर लीगचाच हंगाम रखडला, तेव्हा काही क्लबांना मुख्य संघाचे पगारही थांबवावे लागले. अशा वेळी राखीव संघावर पहिली कुऱ्हाड पडते. 2015 ते 2019 या काळात पुणे एफसी, डीएसके शिवाजीयन्स, मुंबई एफसी आणि एफसी पुणे सिटी असे चार क्लब आपल्या राज्यातून नाहीसे झाले, हेही विसरता येत नाही.

राज्य पातळीवरची, सात-आठ महिने चालणारी लीग हीच राखीव संघांची योग्य जागा आहे. महाराष्ट्रात फुटबॉलची खरी गर्दी कोल्हापुरात होते, तिथल्या तालमींना आपल्या संघांचा अभिमान आहे आणि परक्या संघाला त्या सहजासहजी मैदान सोडणार नाहीत. मुंबई सिटीच्या राखीव संघाने, तीन अनुभवी खेळाडू बरोबर घेऊन, शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार तालमीविरुद्ध भर दुपारी खेळावे, आणि तक्त्यातले गुण खरे असावेत. तिकिटाचे सगळे पैसे मात्र स्थानिक संघाला मिळतील, ही अट राज्य संघटनेने पहिल्या बैठकीतच लिहून घ्यावी.