वाघाचे दूध दुपारीच प्यावे

गेल्या वर्षी कार्यालयीन कामानिमित्त पेरूची राजधानी लिमा येथे बारा दिवस राहण्याचा योग आला. निघण्यापूर्वी ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी 'सेंट्राल' आणि 'माइदो' हीच दोन नावे सांगितली, कारण जगातील ५० सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत २०२३ साली 'सेंट्राल' आणि २०२५ साली 'माइदो' अग्रस्थानी होते. त्यांच्या थोरवीविषयी माझी तक्रार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की लिमात सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, खायचे असेल तर ते दुपारी खावे, आणि रात्री ते आग्रहाने वाढणाऱ्या ठिकाणापासून जरा सावध राहावे.

हे मत पहिल्याच रात्री तयार झाले. समुद्राकडे तोंड असलेल्या एका झगमगीत रेस्टॉरंटात (नाव सांगत नाही) माझ्यासमोर आलेला मासा पार पांढरट आणि चिवट झाला होता, कांदा मलूल पडला होता आणि रसाला लिंबाच्या सालीचा कडवटपणा होता. बिल मात्र अगदी ताजे होते.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक सहकाऱ्याने सुरकियोच्या बाजारातील लहानशा सेविचेरीयात नेले. तेथे स्वयंपाकी समोरच उभा असल्यामुळे सगळी कृती पाहता आली. त्याने माशाचे तुकडे आधी मिठात घोळवले, मग आपल्या कागदी लिंबाच्याच जातीची हिरवी लिंबे त्यांवर पिळली. पण प्रत्येक लिंबू त्याने अर्धेमुर्धेच पिळून बाजूला टाकले, कारण शेवटच्या थेंबापर्यंत पिळले की सालीचा कडूपणा रसात उतरतो. लिंबू फुकट घालवायचे नाही या शिस्तीत वाढलेल्या माझा जीव कळवळला, पण आदल्या रात्रीच्या चवीचे कोडे तेथे सुटले. आही लिमो नावाची तिखट मिरची, कोथिंबीर आणि पातळ उभा चिरलेला लाल कांदा घालून काही मिनिटांत थाळी पुढे आली. सोबत उकडलेल्या रताळ्याची जाड चकती, टपोऱ्या दाण्यांचा उकडलेला मका आणि भाजलेले कुरकुरीत मक्याचे दाणे होते. रताळे उपवासाबाहेर इतके मानाने बसलेले मी प्रथमच पाहिले.

'म्हणजे कच्चाच मासा ना?' हा प्रश्न परतल्यावर अनेकांनी नाक मुरडत विचारला. लिंबाच्या आम्लाने माशातील प्रथिनांची रचना बदलते, मांस घट्ट आणि अपारदर्शक होते. मात्र आचेवर शिजवल्याने जसे जंतू मरतात तसे आम्लाने मरतील याची खात्री नसते. म्हणूनच सगळी भिस्त ताजेपणावर असते आणि म्हणूनच, सकाळी उतरलेला मासा दुपारच्या जेवणात संपवण्याची लिमाची जुनी रीत मला नुसती परंपरा न वाटता शहाणपण वाटते. आज शीतपेट्यांमुळे रात्रीही चांगला मासा मिळू शकतो हे मान्य. पण तो लिंबात किती वेळ पडून होता हे शीतपेटी सांगत नाही. पूर्वी लिमातही तो तासन् तास मुरवत असत. १८९९ पासून येथे मजूर म्हणून आलेल्या जपानी लोकांच्या वंशजांनी खाणावळी काढल्या, माशाला जपानी नजरेने हाताळले आणि मुरवण्याचा वेळ मिनिटांवर आणण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला, असे तेथे सर्रास सांगितले जाते.

थाळीत उरलेल्या त्या आंबट-तिखट रसाला 'लेचे दे तिग्रे', म्हणजे वाघाचे दूध, म्हणतात. इंग्रजी भाषेला वाघिणीचे दूध म्हणणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाला या नावाने हसू न येते तरच नवल. सोलकढीची वाटी तोंडाला लावावी तसा मी तो पेला रिकामा केला, आणि सहकाऱ्याने काही न बोलता दुसरा मागवला.

शाकाहारी मित्रांसाठी सांगतो: पिवळ्या मिरचीच्या आणि चीजच्या दाट सॉसखाली उकडलेले बटाटे, म्हणजे 'पापा आ ला वांकाइना', जरूर मागवा, मात्र वरचे उकडलेले अंडे चालत नसेल तर आधीच सांगा.

निघण्याच्या आदल्या दिवशी बैठक लांबली आणि मी त्या गाळ्यापाशी पोहोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या, फरशी धुऊन झाली होती. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिले, हसल्या आणि म्हणाल्या, 'मान्याना.' उद्या.

माझे विमान पहाटेचे होते.