‘सगळं कॉम्प्युटर करतो’ म्हणणाऱ्यांना

एक फॉरवर्ड फिरतोय: ‘प्रोस्थेटिक मेकअप (चेहऱ्यावर सिलिकॉन-रबराचे नकली अवयव चिकटवणं), नकली जखमा, रबरी राक्षस शिकण्यात वर्षं घालवू नका. सगळं कॉम्प्युटर करतो, उरलंसुरलं एआय करेल. परदेशी कोर्स केल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही, आणि पैसा तर नाहीच.’ मला तो तिघांनी पाठवला. त्यात एक सख्खी मावशी.

कॉम्प्युटरचं भाकीत जुनंच आहे. ‘जुरासिक पार्क’च्या वेळी, बाहुल्या इंच इंच हलवून प्राणी जिवंत करणाऱ्या फिल टिपेट यांनाही आपलं दुकान उठलं असंच वाटलं होतं. पण प्राणी चालतो कसा, हे संगणकवाल्यांना सांगायला त्यांनाच ठेवलं आणि वर ऑस्करही मिळालं. १९९३च्या त्या सिनेमात डायनासोर दिसतात जेमतेम १५ मिनिटं. त्यातली संगणकाची ६च्या आसपास, बाकी यंत्रावर हलणारे पुतळे आणि पोशाखात शिरलेली माणसं. पावसाच्या प्रसंगात टी-रेक्स डायनासोरच्या पुतळ्याच्या फोमच्या कातडीत पाणी मुरायचं, तो थरथर कापायचा आणि माणसं टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायची!

आपल्याकडचं बघा. ‘तुंबाड’ या भयपटातली ती आजी म्हणजे प्रोस्थेटिकखाली बसलेला मोहम्मद समद, त्याच सिनेमात नायकाचा मुलगा पांडुरंग झालेला पोरगा. आणि २०२५चं मेकअपचं ऑस्कर प्रोस्थेटिकने भरलेल्या ‘द सबस्टन्स’ या सिनेमाला गेलं, ते उगाच नाही. एआय काही कामं खाईल, विशेषतः स्वस्तातली. ते मी नाकारत नाही.

परदेशी कोर्स? जमला तर करा. पण चेहऱ्याचा साचा घ्यायचा, त्यावर मातीत नाक-गाल घडवायचे, पुन्हा साचा, मग सिलिकॉन ओतायचं, हे ऐकून पेणच्या मूर्तिकाराला घाम फुटणार नाही. खरी परीक्षा त्या सिलिकॉनच्या तुकड्याच्या कडेची. ती त्वचेवर विरून गेली पाहिजे. माझ्या पहिल्याच कामात वरच्या ओठाची कड भर उन्हात घामाने सुटली. नट बोलायला लागला की एकाचे दोन ओठ दिसायचे. मी मॉनिटरमागे लपलो होतो.

पैशाचं मात्र अर्धं खरं आहे. काम हंगामी, आणि एका निर्मात्याने माझे पैसे दीड वर्ष अडकवले. पण तो दोष कॉम्प्युटरचा नव्हे, माझ्या भिडस्तपणाचा. आता सामानाची रक्कम खात्यात आल्याशिवाय मी सिलिकॉनचा डबा उघडत नाही. मावशीलाही हेच कळवलंय.