फुकटच्या सर्टिफिकेटमुळे साईट बंद पडत नाही, त्या फॉरवर्डला उत्तर

ठाण्या-नवी मुंबईतल्या छोट्या धंदेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, वागळे इस्टेट काय नि तुर्भे काय, सगळीकडून मला तोच येतोय आणि खाली प्रश्न, "हे खरं आहे का?" मेसेज थोडक्यात असा: लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट (ब्राउझर आणि साईटमधला डेटा गुप्त राहायला लागतं ते) कमजोर असतं आणि ग्राहकांचा डेटा त्या संस्थेला दिसतो; ते ९० दिवसांत संपतं आणि साईट बंद पडते, म्हणून पैसे भरून वर्षाचं घ्या; आणि वेब सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) अजिबात ठेवू नका, कंटेनर उडाला की सर्टिफिकेटही जातं, वर हॅकरला रान मोकळं. लोक घाबरून पैसे भरतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

डेटा दिसतो हे साफ खोटं आहे. प्रायव्हेट की, म्हणजे सर्टिफिकेटची गुप्त किल्ली, तुमच्याच सर्व्हरवर तयार होते आणि तिथेच राहते, बाहेर जाते ती फक्त पब्लिक की (तिची उघडी जोडी) आणि डोमेनचं नाव, त्यावर लेट्स एन्क्रिप्टवाले सही करून देतात, संपलं. ग्राहक फॉर्म भरतो तेव्हा ते मध्ये कुठेच नसतात. आणि एन्क्रिप्शन किती पक्कं हे ग्राहकाचा ब्राउझर आणि तुमचा सर्व्हर आपसात ठरवतात, सर्टिफिकेटला किती पैसे मोजले याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पूर्वी महागड्या ईव्ही (कंपनीची जास्त तपासणी करून दिलेल्या) सर्टिफिकेटने कंपनीचं नाव अ‍ॅड्रेस बारमध्ये झळकायचं, ते क्रोम आणि फायरफॉक्सने २०१९ मध्येच काढून टाकलं. हां, डोमेन ताब्यात आहे एवढंच हे सर्टिफिकेट सांगतं, दुकानदार प्रामाणिक आहे की नाही ते सांगत नाही, पण विकतचं साधं सर्टिफिकेटही याहून जास्त काही सांगत नाही.

आता ९० दिवस. मुदत खरी आहे, पण ती मुद्दाम छोटी ठेवलीय, म्हणजे प्रायव्हेट की चोरीला गेली तरी चोराच्या कामाला ती थोडेच दिवस येते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी हाताने रिन्यू करणं कोणालाच परवडत नाही त्यामुळे लोक ते काम मशीनला देतात. सर्टबॉट (सर्टिफिकेट आणणारा प्रोग्रॅम) घ्या किंवा कॅडी (ते काम स्वतःच करणारा वेब सर्व्हर) घ्या, ९० दिवसांचं सर्टिफिकेट साधारण ३० दिवस उरले की रिन्यू करायला घेतात, पहिल्यांदा नाही जमलं तर पुन्हा प्रयत्न करायला महिना हातात असतो. साईट बंद पडते ती रिन्यू करायचं राहून गेल्यामुळे, आणि ते माणसावर सोडलं की वर्षाच्या सर्टिफिकेटचंही तेच होतं. वागळे इस्टेटमधल्या एका पॅकेजिंगवाल्यांकडे मी हे समोर बघितलंय: वर्षाचं, विकतचं, आणि मुदत संपत आल्याच्या मेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या आयडीवर. सोमवारी सकाळी गिऱ्हाइकांना लालभडक वॉर्निंग दिसायला लागली तेव्हा कळलं.

शिवाय "वर्षाचं घ्या" हा सल्लाच आता जुना झालाय. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्यांच्या फोरमने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं की कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. हे विकतच्यालाही लागू आहे. म्हणजे वर्षाचे पैसे भरलेत तरी सर्टिफिकेट मधेच बदलावं लागणारच, आणि ऑटोमेशन नसेल तर ते बदलत कोण बसणार?

डॉकरचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण इथे अर्धं खरं आहे. कंटेनर काढून नवा उभा केला की आत लिहिलेलं सगळं जातं, बरोबर. पण म्हणूनच व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरच्या बाहेर टिकणारी जागा, असतो ना! कॅडीच्या इमेजमध्ये (कंटेनरचा तयार साचा) सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की 'डेटा' फोल्डरमध्ये राहतात, कंपोज फाईलमध्ये (कंटेनर कसे उभे करायचे ते लिहिलेली) त्या फोल्डरला नाव दिलेला व्हॉल्यूम जोडला की कंटेनर कितीदाही पाडा, सर्टिफिकेट जागच्या जागी. कंपोजची 'डाऊन' कमांड दिल्याने असा व्हॉल्यूम जात नाही, 'डाऊन' पुढे 'व्ही' लावला तर जातो, तेवढी सवय हाताला लावू नका. व्हॉल्यूम नसेल तर दर वेळी नवं सर्टिफिकेट मागितलं जातं, आणि लेट्स एन्क्रिप्ट त्याच नावांसाठी ७ दिवसांत ५ च देतं, सहाव्याला नकार, आणि मग लोक म्हणतात फुकटचं ते फुकटचंच. प्रयोग करायचे असतील तर त्यांचं वेगळं स्टेजिंग, म्हणजे चाचणीचा सर्व्हर, आहे, तिथे करा.

एन्जिनएक्स (दुसरा एक वेब सर्व्हर) आणि सर्टबॉट वेगवेगळ्या कंटेनरमध्ये असतील तर अजून एक खोच आहे, जी मला सगळ्यात जास्त दिसते. सर्टबॉट वेळेवर नवं सर्टिफिकेट आणतो, फाईल व्हॉल्यूममध्ये पडलेली असते, पण एन्जिनएक्सच्या मेमरीत जुनंच असतं आणि त्याला रिलोड कोणी सांगितलेलंच नसतं, त्यामुळे डिस्कवर ताजं आणि ब्राउझरमध्ये शिळं. रोज एकदा रिलोड लावून टाका, चालू कनेक्शन तुटत नाहीत. कॅडीत ही भानगडच नाही, कॉन्फिगमध्ये डोमेनचं नाव, खाली रिव्हर्स प्रॉक्सीची (आलेली विनंती आतल्या अ‍ॅपकडे पाठवणारी) एक ओळ, बाकी तो बघतो. ८० आणि ४४३ दोन्ही पोर्ट (सर्व्हरची नंबर दिलेली दारं) बाहेरून उघडे ठेवा. घोडबंदरच्या किंवा खारघरच्या फ्लॅटमध्ये मिनी पीसीवर साईट ठेवणाऱ्यांनी मात्र एक बघा, बऱ्याच ब्रॉडबँडवर स्वतःचा पब्लिक आयपीच (इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा पत्ता) मिळत नाही, तिथे ८० नंबरवर बाहेरून कोणी पोचणार नाही. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींत) टीएक्सटी रेकॉर्ड टाकून सर्टिफिकेट मिळतं, पण साईट बाहेर दिसायला पब्लिक आयपी किंवा टनेल (बाहेरच्या सर्व्हरमार्फत आत येणारा रस्ता) लागेलच.

हॅकरला रान मोकळं? कंटेनरमुळे नाही, पोर्ट नको तिथे उघडल्यामुळे. डॉकर पब्लिश केलेल्या (बाहेर उघडलेल्या) पोर्टसाठी स्वतःच नियम घालतो आणि यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलला बगल देतो, म्हणजे फायरवॉलमध्ये बंद केलाय असं समजून तुम्ही निवांत असता आणि डेटाबेस सगळ्या जगाला उघडा असतो. पोर्ट फक्त प्रॉक्सीचे पब्लिश करा, डेटाबेसच्या पुढची 'पोर्ट्स'ची ओळच काढून टाका, अ‍ॅपला तो आतल्या नेटवर्कवर सर्व्हिसच्या नावाने सापडतो. आणि डॉकरचं सॉकेट (ज्यातून डॉकरला हुकूम देता येतात) कुठल्याही कंटेनरला देताना दहादा विचार करा, ते ज्याच्या हातात त्याच्याकडे अख्ख्या मशीनचं रूट, म्हणजे पूर्ण ताबा.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाही पण असायला हवी होती: मुदत संपत आल्याची मेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळे सर्टिफिकेटवर नजर आपणच ठेवायची. अपटाईम कुमा हा साईटवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम फुकट आहे, कंटेनरमध्येच चालतो, मुदतीचा इशारा देतो, फक्त तो साईटच्याच सर्व्हरवर ठेवू नका, वेगळ्या मशीनवर ठेवा, आणि इशारा कमीत कमी दोन माणसांच्या फोनवर जाऊ दे.