उवा काय माझ्या एकटीच्या पोरीच्या डोक्यात आहेत?

दिवाळीपासून तिसऱ्यांदा माझी पोरगी शाळेतून रडत आली. बाईंनी सगळ्या वर्गादेखत उठवलं आणि टाटपट्टीच्या टोकाला एकटीला बसवलं. वर म्हणे, "मायले सांग, डोकं धुवत जाय."

अहो, डोकं मी दर दोन दिवसांनी धुते! धुतल्यानं उवा जात नाहीत. स्वच्छ केसांतही त्या तशाच बसतात. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. एका मोबाइलवर चार पोरी डोकी जोडून बसतात, एका वाकळीत तिघी बहिणी झोपतात, मग एकटीला टोकाला बसवून काय होणार? सगळ्या वर्गाची डोकी तपासा ना!

काल अंगणात उन्हात बसवलं. केस ओले केले, मांडीवर सासऱ्यांचं जुनं पांढरं धोतर अंथरलं आणि बारीक फणी फिरवली. सतरा पडल्या. कानामागे, मानेवर लिखांचा नुसता सडा. झटकली तर पडत नाही लीख, केसाला डिंकासारखी चिकटलेली. दोन नखांत धरून एकेक ओढावी लागते. दोन तास गेले, मान मोडून गेली. आणि शेजारीण भिंतीवरून म्हणते, "आमच्या पोरीले नाहीत बाप्पा." तिची पोरगी तिथंच उभी, दोन्ही हातांनी डोकं खाजवत!

लपवून काय मिळतं वं तुम्हाले? माझीचं साफ करते, आठवड्यात तुमच्याकडून परत येतात.

आणि ते उपाय! एक म्हणते राकेल लाव. चूल पेटलेल्या घरात, लेकराच्या डोक्याला राकेल? दुसरी सीताफळाच्या बियांची पूड सांगते. ती डोळ्यांत गेली तर बुबुळ सोलून निघतं. आणि सगळ्यात कहर, कपाशीवर मारायचं उरलेलं औषध! 2017 मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं मेली. ते विष कातडीतून अंगात जातं. तेच लेकराच्या टाळूवर ओतता? हात कसा धजतो?

दुकानदारही तसाच. उवा मारायच्या औषधाची, पर्मेथ्रिन 1 टक्क्याची बाटली हातात दिली, "लावा, झालं." कुठं झालं? दहा मिनिटं ठेवून धुवायचं, आणि नवव्या दिवशी परत लावायचं, हे कोण सांगणार? लिखा त्या औषधानं मरत नाहीत, आठवडाभरात फुटतात. दुसरा हात लागलाच नाही म्हणून दिवाळीपासून मी हेच करत बसले. उपकेंद्रातल्या सिस्टरनं सांगितलं तेव्हा कळलं.

सासूबाई म्हणतात, चकोट करून टाक. कमरेपर्यंतची वेणी आहे तिची. नाही कापणार मी.

पुढच्या रविवारी औषध लावल्याचा नववा दिवस. घरातल्या सगळ्यांची डोकी पाहायची, नवऱ्याचंसुद्धा. शेजारणीला सांगून ठेवलंय, पोरीला घेऊन ये, औषध माझ्याकडचं वापरू. नाही आली तर फणी घेऊन मीच तिच्या ओट्यावर जाऊन बसणार आहे.