एकदाचं होऊन जाऊ दे

रविवारी सकाळी कॉफी घेऊन बसलो तर शाळेच्या ग्रुपवर १४० मेसेज. अमरावतीची आमची दहावीची बॅच, त्यामुळे विषय नेहमीचेच, कोणाचा मोर्चा, कोणाचं आरक्षण, कोणाच्या मिरवणुकीत कोणी काय वाजवलं. असले वाद मी हल्ली वाचत नाही, अंगठ्याने वर सरकवतो. पण एका मेसेजवर अंगठा थांबला. "हे रोजची किटकिट करण्यापेक्षा एकदाची यादवी होऊनच जाऊ द्या बे, अमेरिकेत नाही का झाली, मंगच तं ते महासत्ता झाले." त्याखाली अकरा लाईक. एक डॉक्टर, दोन शिक्षक आणि चार वर्षं माझ्याच बाकावर बसलेला एक जण.

कॉफी तशीच राहिली. राग आला तो अमेरिकेचं नाव घेतलं म्हणून, हे आधीच सांगून टाकतो. कारण त्यांनी हे कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलेलं असतं, आणि मी मात्र अमेरिकेतच, व्हर्जिनियातल्या सेंटरव्हिलला राहतो. १८६१ मध्ये वॉशिंग्टनहून लोक बग्ग्या जुंपून, खाण्याच्या टोपल्या आणि दुर्बिणी घेऊन, गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिणेत पेटलेल्या यादवीतली पहिली मोठी लढाई बघायला जिथे आले होते, ते हेच सेंटरव्हिल. खासदार आले होते, पेपरवाले आले होते, काही बायकाही होत्या. टेकाडावर बसून चार-पाच मैलांवरचा धूर बघत होते. आता तिथे एच मार्ट नावाचं सुपरमार्केट आहे, सिक्स्टी-सिक्स हायवेचा ट्रॅफिक आहे, आणि पूर्वी ज्याला ली हायवे म्हणायचे त्याच्या पाट्यांवर आता नुसतं रूट २९ लिहिलंय.

त्या लोकांनाही एकदाचं होऊनच जायला हवं होतं. म्हणून मला हे वाक्य सहन होत नाही.

एप्रिल १८६१ मध्ये फुटून निघालेल्या दक्षिणेने फोर्ट सम्टर या उत्तरेच्या किल्ल्यावर ३४ तास तोफा चालवल्या आणि त्या लढाईत एकही माणूस मेला नाही. राष्ट्राध्यक्ष लिंकननी ७५ हजार स्वयंसेवक मागवले ते फक्त तीन महिन्यांसाठी. तीन महिने! उत्तरेला वाटत होतं एक धडक मारली की दक्षिणेची राजधानी रिचमंड पडेल, ते वॉशिंग्टनपासून जेमतेम शंभर मैल, आणि दक्षिणेला वाटत होतं हे कारखान्यातले कारकून एका लढाईत पळतील. २१ जुलैला रविवारीच इथल्या मनॅससजवळच्या बुल रनच्या ओढ्यावर दोघे भिडले, दुपारपर्यंत उत्तरेची सरशी होती, मग शेननडोआ खोऱ्यातून दक्षिणेची कुमक रेल्वेने येऊन उतरली आणि संध्याकाळी उत्तरेचं सैन्य आणि टोपल्यावाले एकाच रस्त्याने एकमेकांना ढकलत वॉशिंग्टनकडे पळत होते. मेलेले, जखमी, बेपत्ता धरून जवळजवळ ५ हजार. तेव्हा हा आकडा ऐकून देश हादरला होता. पुढच्या वर्षी सप्टेंबरात अँटिएटमला एका दिवसात २३ हजारांच्या आसपास गेले किंवा जायबंदी झाले, एका दिवसात, आणि त्याच्या तीनच आठवडे आधी इथेच मनॅससला त्याच शेतांमध्ये दुसरी लढाई होऊन गेली होती. म्हणजे "एकदाचं" तर त्याच जागेवर दोनदा झालं.

मी त्या बॅटलफील्डवर आठवड्यातून दोनदा तरी चालायला जातो. कुत्रा असतो बरोबर, पाच मैलांचा लूप आहे. हेन्री हिलवर लाकडी घर आहे, नंतर बांधलेलं, त्याच्या बाजूला छोट्या कुंपणात एक थडगं. ज्युडिथ हेन्री. थडग्यावर कोरलंय की मारली गेली तेव्हा ती ८५ व्या वर्षात होती आणि अंथरुणाला खिळलेली होती. लढाई अंगावर यायला लागली तेव्हा घरच्यांनी तिला हलवायचा प्रयत्न केला, तिला सोसेना, परत आणून तिच्याच पलंगावर निजवलं. घरातून दक्षिणेचे नेमबाज गोळ्या झाडतायत म्हणून उत्तरेच्या तोफांनी घरावर मारा केला. त्या दिवशी मेलेली ती एकटी सामान्य नागरिक.

त्या कुंपणाशी मी किती वेळा थांबलो असेन त्याचा हिशोब नाही. आजूबाजूला दक्षिणेचा सेनापती जॅक्सनचा घोड्यावरचा पुतळा आहे, तोफांच्या रांगा आहेत, लोक फोटो तिथे काढतात. म्हातारीच्या थडग्याशी फारसं कोणी थांबत नाही.

विल्मर मॅक्लीनचा किस्सा मात्र इथला प्रत्येक गाइड सांगतो. मनॅससजवळ त्याचं शेत, पहिल्या लढाईत दक्षिणेचा सेनापती ब्यूरेगार्डने त्याच्या घरात मुक्काम ठोकला, घरावर तोफगोळा पडला. पुढे हा माणूस कुटुंब घेऊन दूर अॅपोमॅटॉक्सला गेला, आणि ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या जनरल लीने उत्तरेच्या ग्रँटपुढे शरणागती पत्करली ती याच्याच दिवाणखान्यात. लोक हसतात, योगायोग बघा म्हणतात. मला वेगळंच दिसतं. मॅक्लीनकडे पैसा होता, युद्धात साखरेच्या व्यापारात त्याने कमावलं, म्हणून त्याला घर बदलता आलं. ज्युडिथबाईला खाटेवरून उठता येत नव्हतं.

आता महासत्तेचं. युद्ध झालं म्हणून देश मोठा झाला, की युद्ध होऊनही झाला, हा प्रश्न त्या अकरा जणांपैकी एकालाही पडला नाही. ६ लाख २० हजार मेले हा जुना आकडा, नंतरच्या अभ्यासात तो साडेसात लाखांपर्यंत गेलाय, आणि देशाची वस्ती तेव्हा सव्वातीन कोटींच्या आत होती. त्यातले बहुसंख्य गोळी लागून नाही तर छावणीत हगवणीने, तापाने मेले. व्हिडिओत हगवण दाखवत नाहीत. मे १८६४ मध्ये वाइल्डरनेसच्या जंगलात वणवा पेटला आणि ज्यांना हलता येत नव्हतं ते जखमी जिवंत जळाले, हे इथून तासाभरावर. गेटिसबर्गला तीन दिवसांत दोन्ही बाजू मिळून ५० हजारांच्या आसपास. मिसिसिपीकाठी व्हिक्सबर्गला ४७ दिवसांचा वेढा, गावातली माणसं टेकड्यांमध्ये गुहा खणून राहिली. अटलांटा जळालं. रिचमंड तर सोडून जाताना दक्षिणेच्याच सैन्याने पेटवलेल्या कोठारांच्या आगीत जळालं. स्वतःच्या राजधानीत स्वतःच लावलेली आग.

आणि हे अचानक झालं नाही. त्याआधी चाळीस वर्षं तडजोडी चालल्या होत्या, १८२० ची मिसूरीची, १८५० ची, गुलामगिरी कुठपर्यंत चालू द्यायची याची रेघ दर वेळी नव्याने मारायची. १८५४ नंतर कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंनी माणसं नेऊन वसवली आणि त्यांनी एकमेकांना मारायला सुरुवात केली. १८५६ मध्ये चार्ल्स सम्नर हा गुलामगिरीविरोधी सिनेटर सभागृहात आपल्या डेस्कवर लिहीत बसला होता, तिथे साउथ कॅरोलायनाच्या प्रेस्टन ब्रूक्स नावाच्या खासदाराने येऊन त्याला काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारलं. काठी मोडली. मग दक्षिणेतल्या लोकांनी ब्रूक्सला काय पाठवलं? नव्या काठ्या. भेट म्हणून. चांगले शिकलेले, चर्चला जाणारे लोक. ते अकरा लाईक बघून मला पहिल्यांदा त्या काठ्याच आठवल्या. १८६० ला लिंकन निवडून आले ते दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांमध्ये मतपत्रिकेवर नाव नसताना, आणि त्यांनी शपथ घ्यायच्या आत सात राज्यं फुटून निघाली होती. समोरचा जिंकला तर तो निकाल आपल्याला लागू नाही असं एकदा ठरलं की मग राहतं काय?

पण एक गोष्ट मला टाळता येत नाही, आणि टाळली तर मीच खोटा ठरेन. त्या युद्धाने ४० लाख गुलाम माणसं मोकळी झाली. दक्षिणवाले आज म्हणतात आम्ही राज्यांच्या हक्कांसाठी लढलो, पण त्यांच्याच उपराष्ट्राध्यक्षाने, अलेक्झांडर स्टीफन्सने, मार्च १८६१ मध्ये जाहीर भाषणात सांगितलं होतं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हाच आमच्या सरकारचा कोनशिलेचा दगड. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना सोडवलं त्यांना. पुण्यात बसून त्यांना कळलं होतं यातलं काय मोठं आहे. त्यामुळे ते युद्ध व्हायलाच नको होतं असं मी म्हणू शकत नाही. पण फुल्यांनी सलाम केला तो दुसऱ्याच्या सुटकेसाठी झिजणाऱ्यांना. आमच्या ग्रुपवर कोणाची सुटका करायची आहे? शेजाऱ्याला धडा शिकवायचा आहे, बस.

बरं, सोक्षमोक्ष तरी लागला का? १८७७ ला उत्तरेचं सैन्य दक्षिणेतून निघालं आणि काळ्यांचा मताचा हक्क हळूहळू काढून घेतला गेला. याच व्हर्जिनियात प्रिन्स एडवर्ड काउंटीने गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवायला लागू नये म्हणून १९५९ ते १९६४ सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या, पाच वर्षं. मनॅससच्या हायस्कूलचं स्टोनवॉल जॅक्सन हे नाव २०२० मध्ये बदललं, तर डोंगरापलीकडच्या शेननडोआ काउंटीने तिथल्या त्याच नावाच्या शाळेचं बदललेलं नाव २०२४ मध्ये मतदान घेऊन परत जॅक्सन केलं. १६० वर्षं होऊन गेली. शाळेच्या नावावरून पीटीएच्या मीटिंगमध्ये आई-बाप रडतात, ओरडतात, मी पाहिलंय.

आणखी एक, हे वऱ्हाडातल्या माणसाला माहीत असायला पाहिजे. दक्षिणेच्या बंदरांची उत्तरेने नाकेबंदी केली तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि भाव आला तो आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला. मुंबईत पैसा नुसता वाहत होता, प्रेमचंद रायचंदसारखे सट्टेवाले, समुद्र बुजवणाऱ्या बॅकबे कंपनीचे शेअर, रोज नवीन बँक. १८६५ ला ली शरण गेला आणि सगळं कोसळलं. भाव पडले, सावकाराचं कर्ज राहिलं, दहा वर्षांनी पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या त्याच्या मुळाशी हेही होतं. दुसऱ्याच्या यादवीत तेजी करणारे असतातच. आपली झाली तर ते कोण असतील, याचा तरी विचार करा.

हे सगळं, याच्या निम्मं तरी, मी ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत उत्तर. "तुले काय बे, तू तं तिकडं बसून लेक्चर देते."

हे लागलं. कारण खरं आहे.

६ जानेवारी २०२१ ला, बुधवार होता, मुलं घरातच ऑनलाइन शाळेत होती, टीव्हीवर निवडणुकीचा निकाल न मानणारा जमाव कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदेच्या, खिडक्या फोडत होता, इथून पंचवीस मैलांवर. एक माणूस दक्षिणेचा तो जुना झेंडा खांद्यावर घेऊन आतल्या दालनातून फिरत होता, चार वर्षांच्या युद्धात लीचं सैन्य जो तिथपर्यंत नेऊ शकलं नव्हतं. मी या देशाची शपथ घेतलेला माणूस, परक्या आणि घरच्या शत्रूंपासून राज्यघटनेचं रक्षण करीन असं हात वर करून म्हटलेला. मी काय केलं? कॉस्टकोला जाऊन दोन्ही गाड्यांच्या टाक्या भरल्या, आणि रात्री कपाटातलं फोल्डर काढून चौघांची ओसीआय कार्डं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारतात राहू देणारी, तपासली. बायकोने विचारलं, काय शोधतोयस, तर म्हटलं टॅक्सचे कागद. वीस वर्षं इथलाच आहे म्हणून सांगतो, काउंटीच्या मीटिंगला जातो, बॅटलफील्डच्या कडेला डेटा सेंटर होऊ नये म्हणून सह्या गोळा केल्या, "आमची लढाई", "आमचा लिंकन" असं म्हणतो मुलांसमोर. आणि पहिल्याच झटक्याला मुंबईचं तिकीट बघितलं. इथे काही झालं तर मी तिकडचा, तिकडे काही झालं तर मी इकडचा. मॅक्लीनसारखा.

त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीत दंगल झाली, कर्फ्यू लागला, इंटरनेट बंद. आई एकटी होती. ८२ वर्षांची, गुडघे गेलेले, जिना उतरायला हाताला धरावं लागतं. व्हिडिओ कॉल लागेना म्हणून साधा फोन लावला तर म्हणाली, "मले काही होत नाही, तू काळजी नको करू, फक्त बीपीच्या गोळ्या संपल्या." माझ्या इथे रात्रीचे दोन. कपाटात दोन देशांचे कागद आणि आईला गोळ्यांची एक पट्टी पोचवता येत नाही. शेवटी ग्रुपमधल्या एकाला फोन केला, तो कर्फ्यू शिथिल झाल्यावर गोळ्या देऊन आला, दूधही ठेवून आला, आणि नंतर पैसे घेईना.

यादवीचा मेसेज टाकणारा तोच.

ग्रुपवर मी पुढे काही लिहिलं नाही. त्याला एकट्याला मेसेज केला, आईला गोळ्या द्यायला गेलास तेव्हा चौकातून गेला होतास का. संध्याकाळपर्यंत निळ्या खुणा नुसत्या. मग उत्तर आलं, "नाही, चौकातून जाऊच देत नव्हते. मागच्या बोळातून गेलतो. मावशी दारातच खुर्ची टाकून बसली होती."